सहा अंडी आणि निळी लोकर

माझ्या दुकानात शिरलेलं माणूस चेटकिणींच्या शेल्फकडे जाणार की नाही, हे मला दारातच कळतं. ते आधी बागकामाची पुस्तकं चाळतं, मग स्वयंपाकाची, मग खिडकीबाहेर बघतं आणि मग चुकून पाय वळल्यासारखं तिकडे सरकतं. लिनेटने यातलं काहीच केलं नाही. सप्टेंबरातल्या एका सकाळी ती नर्सच्या गणवेशात सरळ माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "विक्कावरची पुस्तकं हवीयत. पण ज्यात थापा नाहीत अशी."

"मग शेल्फ बरंच रिकामं होईल," मी म्हटलं.

ती हसली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही नुसती हौस म्हणून आलेली नाही. मी किटली चढवली.

मी ॲव्हरिल. इंग्लंडात डार्टमूरच्या माळरानाच्या कडेला आमचं छोटं गाव आहे, तिथे माझं जुन्या पुस्तकांचं दुकान. माझं वय अडुसष्ट आणि गुडघ्यांचं ऐंशी. ऑक्टोबर ते एप्रिल डोक्यावर एक लोकरीची टोपी असते, रंग कधीच उडालेला. ती माझ्या गुरूने, एनिडने, मला स्वतः विणून दिली होती. चौतीस वर्षं मी या विक्काच्या, म्हणजे आजकालच्या चेटकिणींच्या, मार्गावर आहे आणि नव्या माणसांना शहाणपण शिकवायची मला खोड आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या खोडीमुळेच झालं.

लिनेट ब्रिस्टलहून आली होती. तिथे ती दोन वर्षं एका मंडळात होती. मंडळाचा प्रमुख रेव्हन.

"कुठला रेव्हन?" मी विचारलं. रेव्हन म्हणजे डोमकावळा, आमच्यात दर चार पुरुषांमागे एक जण हेच नाव घेतो.

"उंच, काळा कोट. त्याची विद्या सात पिढ्यांची, आजीकडून आलेली. कुठल्या आजीकडून, कुठल्या गावची, असं विचारलं की म्हणायचा, तुझी अजून तयारी झाली नाही. मग म्हणाला, बहिणीला फोन करणं बंद कर, तिच्यामुळे तुझी शक्ती गळते." तिने कप दोन्ही हातांत धरला. "मी केला बंद. आठ महिने. माझी सख्खी बहीण हो."

"मग सुटलीस कशी?"

"त्याची आजी भेटली मला. आमच्याच वॉर्डात दाखल झाली. आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवत होती बिचारी."

आता मात्र आम्ही दोघी हसलो. पण हसू विरल्यावर ती म्हणाली, "ॲव्हरिल, मला ही वाट मनापासून आवडते. चंद्र, ऋतू, सगळ्यांनी मिळून बसणं. इथे मी कुणाला ओळखत नाही. आठवड्यातून एकदा तरी माणसांत बसावंसं वाटतं. पण आणखी एकाने खोटं सांगितलं ना, तर मी हा नाद सोडून देणार. कायमचा."

झालं, माझी खोड जागी झाली. मी तिच्यापुढे तीन पुस्तकं ठेवली आणि सात उचलून नेली. म्हटलं, आधी शेवटची पानं बघ. लेखकाने कुठून काय घेतलं ते लिहिलंय का? जो 'मला हे माहीत नाही' असं एकदा तरी लिहितो, त्याला घरी ने. आमचं हे सगळं माझ्या आईच्या तरुणपणी उभं राहिलेलं आहे, जुन्या तुकड्यांची गोधडी शिवावी तसं. जो त्याला दहा हजार वर्षांचं म्हणतो त्याला शेल्फवरच राहू दे. आणि माणसांचंही तेच. पहिली भेट पबमध्ये, चारचौघांत. येताना बहिणीला आण. सोडून गेलेल्यांबद्दल ते कसं बोलतात ते ऐक. शिव्या देत असतील तर कोट घाल आणि निघ.

लिनेटने पेशंटच्या नोंदी करायच्या छोट्या वहीत हे सगळं उतरवून घेतलं. पहिल्या ओळीखाली तिने रेघ मारली: कुठून आलं ते सांगतात का?

ती रेघ बघून मी उगाच कप आवरायला घेतले. कारण वरच्या मजल्यावर, माझ्या चादरींच्या कपाटात, दोन वस्तू बारा वर्षं दडवून ठेवलेल्या होत्या.

आमच्या मंडळात प्रत्येकाची एक सावल्यांची वही असते, विधी आणि मंत्रांची. शिष्याने गुरूच्या वहीवरून ती हाताने उतरवायची. एक अक्षर जास्त नाही, एक अक्षर कमी नाही. एनिडची पहिली शिष्या मी. तिच्या स्वयंपाकघरात बसून तीन संध्याकाळी मी वही उतरवली. ही वही माझ्या आजीची, एनिड सांगायची, आणि मी श्वास रोखून ऐकायची. ऑक्टोबरच्या शेवटी आमचा साउइन येतो, गेलेल्या माणसांना बोलवायचा सण. त्या विधीच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: सहा अंडी, निळी लोकर, पावाची सुरी धार लावून. तेही मी उतरवलं. पुढच्या साउइनला आम्ही या तिन्ही वस्तू मांडल्या. एनिडने भुवया उंचावल्या, "किती छान" म्हणाली आणि अंडी घरी नेली. दर वर्षी नेली.

एनिड गेल्यावर तिचं घर आवरायला मी एकटी होते. तिची मूळ वही सापडली आणि वहीखाली एक लायब्ररीचं जाड पुस्तक, परत करायची तारीख चाळीस वर्षांपूर्वी उलटलेली. पानोपानी पेन्सिलीच्या खुणा. वहीतलं जवळजवळ सगळं त्या पुस्तकातलं होतं. आजी बहुधा नव्हतीच. आणि मी उतरवून घेतल्यानंतर एनिडने जी पानं लिहिली होती, त्यांच्या तळाशी होतं: सहा अंडी, चहा, मांजराचं खाणं. सहा अंडी, साबण, गॅसवाल्याला फोन.

बावीस वर्षं आम्ही देवांसमोर तिची बाजाराची यादी मांडत होतो.

मी दोन्ही वस्तू चादरींखाली ठेवल्या. एनिडची लाज राखली असं स्वतःला सांगितलं. खरं तर माझीच लाज होती. इतकं मन लावून यादी उतरवणारी मीच ना.

ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी लिनेट मूटला आली. मूट म्हणजे आमची महिन्याची बैठक, 'तीन ससे' या पबच्या मागच्या खोलीत. मी सांगितल्याप्रमाणे तिने बहिणीलाही आणलं होतं. आम्ही दहा-अकरा जण, सफरचंदाची सायडर, वेफर्सची पाकिटं, आणि डेस्मंड. डेस्मंड निवृत्त बसड्रायव्हर. मनाने लोणी, पण बोलायला लागला की मधल्या थांब्यावर थांबत नाही.

"ये, बस, लाडके," तो लिनेटला म्हणाला. "साउइनला माझ्या बागेत यायचं हं. आमची रीत बघशील तर थक्क होशील. सहा अंडी, म्हणजे पुन्हा जन्म. निळी लोकर, म्हणजे आयुष्याचा धागा. आणि सुरी तो धागा कापणारी. एकोणीस वर्षं तिला धार मी लावतोय, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

"छान आहे," लिनेट म्हणाली. तिला खरंच आवडलं होतं, डोळ्यांत दिसत होतं. "हे कुठून आलं?"

"एनिडच्या आजीकडून! ॲव्हरिलला विचार. तिने मूळ वही पाहिलीय."

लिनेट माझ्याकडे वळली. डेस्मंड कौतुकाने माझ्याकडे बघत होता. अकरा माणसं बघत होती.

"हो," मी म्हटलं. "जुनी वही होती. आजीची."

लिनेट क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने आपली छोटी वही मिटून खिशात घातली, आणि मला सायडर कडू लागली.

शनिवारी ती तिन्ही पुस्तकं परत घेऊन आली.

"अगं, वाचून झाली इतक्यात?"

"नाही," ती म्हणाली. "पण परत करते. तुम्ही माझ्याशी फार चांगलं वागलात, म्हणून सांगते. परवा 'आजीची' म्हणताना तुम्ही ग्लासाकडे बघत होतात. रेव्हन छताकडे बघायचा. एवढाच फरक."

मला राग आला. कालची पोर, मला माझ्याच दुकानात ऐकवते. मग राग ज्या पायांनी आला त्याच पायांनी निघून गेला, कारण तिला ऐकवायला शिकवलं होतं मीच. दाराला 'बंद'ची पाटी लावून मी तिला वर नेलं, चादरी बाजूला केल्या आणि दोन्ही वस्तू पलंगावर ठेवल्या.

लिनेटने सगळं पाहिलं. मांजराच्या खाण्यापाशी तिच्या ओठांचा कोपरा हलला. मी तिला सगळं सांगून टाकलं आणि हलकं वाटायची वाट बघत बसले.

"मला कशाला सांगताय?" ती हळूच म्हणाली. "मी काही सुरीला धार लावत नाही."

"डेस्मंडचं मन मोडेल गं."

"मोडेल. पण मग मी इथे कुणाजवळ येऊन बसू, ॲव्हरिल? ज्यांना माहीत आहे त्यांच्याजवळ, की ज्यांना माहीत नाही त्यांच्याजवळ?"

साउइनच्या दुपारी डेस्मंडच्या बागेत जमायचं ठरलं होतं. सफरचंदाच्या झाडाखाली टेबल, त्यावर टोपलीत अंडी, लोकरीचा गुंडा, आणि चकचकीत सुरी. उन्हं कलली होती. लिनेट आली होती, पण कुंपणाच्या फाटकाशीच उभी राहिली, कोटाची बटणं लावून. मी एनिडची वही आणि लायब्ररीचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि भाषण न करता जे होतं ते सांगितलं. पुस्तकाचं, यादीचं, माझ्या उतरवण्याचं, आणि बारा वर्षांचं.

कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. डेस्मंडने चष्मा लावून वहीची पानं उलटली. फार सावकाश. मला वाटलं तो एनिडवर चिडेल.

"एकोणीस वर्षं मी ही सुरी घासतोय," तो म्हणाला. "पहिल्या सात वर्षांचं मी काही म्हणत नाही. तेव्हा तुलाही माहीत नव्हतं. पण पुढची बारा वर्षं तू समोर बसून बघत होतीस, ॲव्हरिल."

एनिडची वही त्याने काखेत मारली आणि तो घरात निघून गेला. आम्ही गेलेल्यांची नावं घेतली, त्याच्याशिवायच. एनिडचं नाव मीच घेतलं, डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा लिनेट फाटकाशी नव्हती. ती टेबलाशी, आमच्यात उभी होती. तिच्या येण्याचा आनंद मला झाला, पण डेस्मंडची खुर्ची रिकामी होती आणि ती मी रिकामी केली होती.

नोव्हेंबरच्या मूटला तो येणार नाही असं मी धरूनच चालले होते. लिनेट माझ्या शेजारी बसली होती. माझ्याकडून तीच तीन पुस्तकं ती पुन्हा घेऊन गेली होती आणि वर्ष आणि एक दिवस थांबायची तिची तयारी होती. त्याआधी आमच्याकडे कुणाला मंडळात घेत नाहीत. साडेसात वाजले. आठ वाजायच्या सुमाराला दार उघडलं आणि डेस्मंड आत आला, काखेत वही. सायडर घेऊन तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसला.

"एनिडला अंडी कशाला लागायची?" त्याने अचानक विचारलं.

"केकला असतील," मी चाचरत म्हटलं.

"केक? एनिडच्या हातचा केक खाऊन माझा दात हलला होता. दर शुक्रवारी माझ्या बसने यायची ती, मागच्या सीटवर बसून उकडलेली अंडी खायची. सगळ्या बसला वास." तो वहीकडे बघत होता. "मी पूर्ण वाचली ही. तिच्या आजीपेक्षा तीच जास्त भेटली मला. सुऱ्यांना धार लावणाऱ्याची गाडी मंगळवारी यायची, तेही लिहिलंय."

"डेस्मंड, माझं चुकलं."

"चुकलंच," तो म्हणाला. "आणि अजूनही तुला त्या यादीतलं काही कळलेलं नाही. बारा वर्षं जवळ ठेवूनही. निळी लोकर कशाला होती?"

"मला काय माहीत?"

"यादी ऑक्टोबरातली, साउइनच्या पानावरची. तुला मंडळात घेतलं कधी?"

"फेब्रुवारीत."

"आणि तेव्हा एनिडने तुला काय दिलं?"

मी डोक्यावरची टोपी काढली. चौतीस हिवाळे धुऊन ती केव्हाच राखाडी झाली होती. तिला कधी रंग होता हेसुद्धा मी विसरले होते. मी कडेची घडी उलटी केली. आत, जिथे ऊन आणि साबण पोचला नव्हता, तिथे बोटभर रुंदीची निळी पट्टी होती. गडद, नवीकोरी निळी.

मी रडले, पबमध्ये, सगळ्यांसमोर. जिची लाज म्हणून मी जे चादरींखाली दडपलं होतं, त्यात ती माझ्यासाठी लोकर आणायला निघाली होती. डेस्मंड उठून माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला आणि वेफर्सचं पाकीट फोडून माझ्यापुढे सरकवलं. राग गेला होता असं नाही, पण तो आला होता.

लिनेटने खिशातून तिची छोटी वही काढली आणि टोपीच्या उलट्या कडेकडे बघत काहीतरी लिहू लागली.

"काय लिहितेस गं?" मी नाक पुसत विचारलं.

"कुठून आलं ते," ती म्हणाली.