केसपेपरावरची ओळ

गुरुवारी दवाखान्यात जखमा बांधून घेणाऱ्यांची रीघ लागे. ड्रेसिंगची खोली वीस वर्षं एकाच बाईकडे होती. तिची भाची शाळा सुटली की तिथेच येऊन बसायची, म्हणून सगळा दवाखाना बाईंना आत्याच म्हणे. हात हलका, बोलणं रोखठोक, आणि आजाराच्या बाबतीत तिचा शब्द डॉक्टरांच्या बरोबरीने चालायचा.

त्या गुरुवारी आत्या ज्या टाचेला पट्टी बांधत होती, ती टाच भाचीच्या होणाऱ्या सासूची होती. भाची चौदा वर्षांची. एका जागी ठरत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. गणितात वर्गात पहिली. महिन्याभरात तिचं लग्न होतं.

आत्याने आधी सरळ मार्गाने जाऊन पाहिलं होतं. तिचा भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. "दादा, अरे पोर आहे ती अजून," ती म्हणाली. "चांगलं स्थळ काय आपल्यासाठी थांबून राहणार आहे?" असं म्हणताना दादाने डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, घरच्या मामल्यात शाळा कशी पडेल? सरकारी कचेरीतल्या साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि लग्नाचं आमंत्रण आहे ना, असं हसत विचारलं. हसत!

मग आत्याने केसपेपर लिहिला. भाचीचं नाव, वय आणि खाली एक ओळ: वारंवार फिट येते. तो तिने सह्यांच्या गठ्ठ्यात सरकवला. डॉक्टर गठ्ठा वाचत नसत, नुसत्या सह्या ठोकत. आता तो केसपेपर टेबलावर होणाऱ्या सासूच्या नाकासमोर ठेवून आत्या आत कापूस आणायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

फिट येणं म्हणजे काही पाप नव्हे, औषधाने आटोक्यात राहणारा आजार आहे, हे आत्याच रोज रोग्यांच्या घरच्यांना समजावून सांगे. पण लोक त्या आजाराला किती भितात, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्या भीतीलाच हाताशी धरलं.

दोन दिवसांत लग्न मोडलं. भिंगरी धावत येऊन तिच्या गळ्यात पडली. "आत्या, तूच केलंस ना काहीतरी?"

"गप्प बस. अभ्यासाला लाग," आत्या म्हणाली. त्या दिवशी ती गाणं गुणगुणत घरी गेली.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी भिंगरीला दारातूनच परत पाठवलं. "जिन्यावरून पडली तर जबाबदारी कुणाची?" वहिनीने तिला स्वयंपाकघरात यायची बंदी केली. दादाने कुठूनशा गोळ्या आणल्या. त्या घेऊन पोर दिवसभर पेंगत राही.

आत्या तडक दुकानात गेली. "दादा, ते खोटं होतं. मीच लिहिलं. बंद कर त्या गोळ्या."

दादाने या वेळी भिंग काढलं. डोळे भरले होते त्याचे. "तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस. आज पहिल्यांदा बोलतेयस, पोरीवर पांघरूण घालायला. कळतं गं मला."

डॉक्टरांना तर घामच फुटला. "अक्षर तुमचं असलं तरी सही माझी आहे, बाई. आता ती निरोगी आहे असं लिहून दिलं तर मी घरी बसेन. जाऊ द्या ना."

पुढच्या गुरुवारी आत्याने भरल्या खोलीत, सगळ्यांदेखत सांगून टाकलं. टाचेला पट्टी असलेली ती बाई हळहळली, "किती माया म्हणावी! भाचीसाठी स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेय."

दोन महिन्यांनी दुसरं स्थळ आलं. पंचेचाळिशीचा माणूस, पहिली बायको वारलेली. "फिट येत असली तरी चालेल म्हणाला. देवमाणूस आहे," दादा सगळ्यांना सांगत सुटला.

भिंगरी आता बसवाल तिथे बसते. परवा आत्याने तिची वेणी घातली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आत्या, मला खरंच येते का गं फिट? डोकं जड असतं सारखं."

"नाही गं राणी. ते त्या गोळ्यांमुळे होतंय."

"सगळे म्हणतात, तू माझं मन राखायला सांगतेस."

आज आत्याच्या पुढ्यात पुन्हा एक कोरा केसपेपर आहे. त्या माणसाच्या नावापुढे कोणता आजार लिहिला की हेही लग्न मोडेल, ते तिला माहीत आहे. हातात पेन आहे. खरं सांगणं तर तिने करून पाहिलंच आहे.

वाचकहो, तिला दोष जरूर द्या. तो तिने कमावलेलाच आहे. फक्त एवढं आठवून पाहा: ती रिकाम्या हाताने, नुसतं खरं घेऊन आली होती, तेव्हा त्या तीन टेबलांपैकी कोणत्या टेबलामागे तुम्ही बसला होता?

लग्नाला अजून नऊ दिवस आहेत.