व्हांगानुईच्या पूर्व तीरावर

वैशाख लागायच्या आधीच ढुंढिराजशास्त्री कायगावकरांच्या अंगात असं काही वारं शिरलं, की काशीत मंगला गौरीच्या गल्लीत ते समोरून दिसले की लोक वाट बदलायला लागले. शास्त्रीबुवा माणसाला धरून उभं करायचे आणि न्यूझीलंड सांगायचे. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, मे महिन्यात थंडी पडते, राजा इंग्लंडात बसतो आणि संसद वेलिंग्टनला, तीही एकाच सभागृहाची. अख्खी राज्यघटना म्हणून दाखवावं असं एक पुस्तकच त्या देशापाशी नाही. "पुस्तक नाही आणि राज्य चालतं," असं पानवाल्याला सांगताना त्यांचा चेहरा असा खुलायचा, जसं काही ही व्यवस्था त्यांनीच लावून दिली होती.

खरं सांगायचं तर ही विद्या त्यांच्या गळ्यात टाळाटाळीतून पडली होती. मुलगा आदित्य काही वर्षांपूर्वी तिकडे दूध पावडरीच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून गेला आणि व्हांगानुई नावाच्या गावात राहिला. यंदा त्याने घर घेतलं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे, व्हिडिओवर तुम्हीच सांगा, असा त्याचा फोन आला. शास्त्रीबुवांनी जन्मभर लोकांच्या वास्तुशांती केल्या, पण ही त्यांना करावीशी वाटेना. भाड्याच्या खोलीची गोष्ट वेगळी होती, खोली सोडून माणूस परत येतो. एकदा वास्तुशांत झाली की पोरगं तिकडचं झालं. सगळं जग मरायला का होईना काशीला येतं, आणि यांचा मुलगा काशीतून उठून पृथ्वीच्या टोकाला गेला होता.

मनातलं बोलून दाखवतील तर ते शास्त्रीबुवा कसले. त्यांनी संकल्पाची अडचण काढली. कुठलंही कार्य करायचं तर यजमानाने तळहातावर पाणी घेऊन आधी आपण कुठे आहोत ते म्हणायचं असतं. द्वीप कुठलं, नदी कुठली, तिचा कुठला तीर, ऋतू कुठला, हे सगळं झालं की मग आपलं गोत्र आणि नाव. त्या देशाचा पोथीत पत्ता नाही, मग म्हणायचं काय, असा त्यांनी पेच टाकला आणि विषय संपला असं समजून जेवायला बसले.

विषय संपला नाही, कारण मुलगी अवनी शाळेत भूगोल शिकवायची. दुसऱ्या दिवशी तिने शाळेतला मोठा नकाशा आणून त्यांच्या पाटासमोर पसरला.

"बाबा, पोथी में नहीं तर नक्शे में तो आहे ना," ती म्हणाली.

शास्त्रीबुवा नाक मुरडत वाकले ते वाकलेच. दुपारची झोप गेली. आदित्यला फोनवर फोन सुरू झाले. नदी आहे का? आहे. मग घर कुठल्या तीरावर? इतकी वर्षं राहून आदित्यला नदी कुठून कुठे जाते ते ठाऊक नव्हतं. घरासमोर सुपरमार्केट आहे, एवढं त्याने सांगितलं.

"सुपरमार्केटच्या तीरावर संकल्प सोडू का, बेटा?" शास्त्रीबुवांनी विचारलं.

पोरगा ओशाळून शेजाऱ्याकडे गेला. शेजारी हेमी नावाचे म्हातारे गृहस्थ होते, माओरी, म्हणजे इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून त्या देशात असलेल्या लोकांपैकी. त्यांनी आदित्यला हाताला धरून काठावर नेलं. नदीचं नाव गावाचंच, व्हांगानुई. ती उत्तरेकडच्या डोंगरांतून निघून दक्षिणेला समुद्राकडे येते आणि घर तिच्या पूर्वेला आहे. हे कळल्यावर शास्त्रीबुवा घरात येरझारा घालायला लागले. आपली गंगा काशीत उत्तरवाहिनी, ती दक्षिणवाहिनी. आपण पश्चिम तीरावर, तो पूर्व तीरावर. इकडे वैशाख तापतो तेव्हा तिकडे शरद. त्यांना वाटलं, कुणीतरी काशीच उचलून पालथी घातली आहे.

द्वीपाचा निकाल आदित्यच्या कारखान्याने लावला. सगळ्या देशात गाई आणि दूध हे ऐकताच शास्त्रीबुवांनी मांडीवर थाप मारली. पुराणात दुधाच्या समुद्राने वेढलेलं शाकद्वीप आहे, ते हेच असलं पाहिजे. अवनीने भुवया उंचावल्या, पण तिकडे बघायला त्यांना सवड नव्हती. कारण त्याच दिवशी हेमींकडून कळलेली खरी मोठी बातमी आदित्यने सांगितली होती. तिथल्या संसदेने कायदा करून ती नदी म्हणजे एक व्यक्ती आहे असं मान्य केलं आहे. तिला माणसासारखे हक्क आहेत आणि तिच्या वतीने बोलायला दोघांना नेमलेलं आहे, एक सरकारचा आणि एक माओरींचा. हे ऐकून शास्त्रीबुवा चप्पल न घालताच बालाजी घाटाकडे धावले आणि पायऱ्यांवर जो सापडेल त्याला सांगत सुटले.

अन्नपूर्णाबाई हे सगळं बघत होत्या. बायकांना मताचा हक्क सगळ्या जगात आधी त्या देशाने दिला, हे नवऱ्याने कौतुकाने सांगितलं तेव्हा त्यांनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली.

"मग माझं मत ऐका. अहो, सगळा देश पाठ झाला तुमचा, पण आदित्यच्या घराला तुम्ही अजून खोलीच म्हणता."

शास्त्रीबुवांनी नकाशाची घडी घातली.

अक्षय्य तृतीयेला इकडे उजाडत होतं आणि तिकडे दुपार झाली होती. लाकडी घरात होम पेटवला तर छताला लावलेला धुराचा भोंगा कोकलेल, म्हणून मांडणी अंगणात केली होती. पडद्यावर आदित्य आणि त्याची बायको तेजश्री दिसत होते. आदित्यने सोवळ्यावर स्वेटर चढवला होता. मागे खुर्चीवर हेमी कोट घालून बसले होते. आचमन झालं, प्राणायाम झाला. आदित्यने तळहातावर पाणी घेतलं आणि शास्त्रीबुवांनी खणखणीत आवाजात सुरू केलं.

"अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, भागीरथ्याः पश्चिमे तीरे..."

पत्ता काशीचाच निघाला, आणि ते थांबले. आदित्यच्या बोटांतून पाणी गळत होतं.

"बाबा, राहू दे. तेच म्हणा, मला चालेल," आदित्य हळूच म्हणाला.

शास्त्रीबुवांना ते फार लागलं. जीभ चुकली नव्हती. मन अडून बसलं होतं, आणि पोराने ते ओळखलं होतं.

काय अडलं, असं हेमींनी विचारलं. आमच्यात नावाच्या आधी नदी सांगावी लागते आणि वडील तिथे अडले आहेत, असं आदित्यने सांगितलं. तेव्हा हेमी काठी टेकत उभे राहिले आणि ठाय लयीत आपल्या भाषेत बोलायला लागले. प्रत्येक ओळीचा अर्थ ते इंग्रजीत सांगत आणि आदित्य तो मराठीत सांगत गेला. माझा डोंगर रुआपेहू. माझी नदी व्हांगानुई. मग पूर्वजांना घेऊन आलेली होडी, मग कूळ, आणि सगळ्यांत शेवटी नाव. शास्त्रीबुवा पडद्याला नाक लागेल इतके पुढे सरकले.

"होडी? म्हणजे तेही बाहेरून आले?"

हो, पिढ्यानपिढ्यांपूर्वी, समुद्र ओलांडून, आदित्यने विचारून सांगितलं. आणि आले तिथली नदी त्यांनी आपली म्हटली.

शास्त्रीबुवांना आपल्या आडनावातलं कायगाव आठवलं. ते गोदावरीच्या काठावर आहे. त्यांच्या घराण्यात कुणीतरी पहिल्यांदा गोदावरीचं नाव सोडून भागीरथीचं घेतलं असणार. तिकडे गावी त्याचाही बाप असाच अडून बसला असेल. हे जन्मभरात त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं, आणि आता आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

"आदित्य, पाणी परत घे. अरे, तुझ्या घराचा संकल्प आहे. नीट बस."

अन्नपूर्णाबाईंनी पदराने डोळे पुसले. शास्त्रीबुवांनी आवाज लावला, शाकद्वीपे, रुआपेहुपर्वतसमीपे, व्हांगानुय्याः पूर्वे तीरे, शरदृतौ, वैशाखमासे. एकही अक्षर अडलं नाही. आपल्या नदीचं आणि डोंगराचं नाव ऐकून हेमी मोठ्याने हसले. आदित्यने पाणी सोडलं, ते तिथल्या गवतावर पडलं.

दोन दिवसांनी बालाजी घाटावर अमरावतीचे एक यजमान शास्त्रीबुवांसमोर बसले होते. हातात पाणी घ्यायला सांगून बुवांनी डोळे मिटले आणि भरभर म्हणत सुटले. भागीरथीच्या जागी व्हांगानुई येऊन गेली, हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळच लागला. यजमानांनी बिचकून विचारलं, ही कुठली नदी?

"माझ्या मुलाच्या घराजवळची," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि यजमानांच्या ओंजळीतलं पाणी गळून संपलं तरी सांगतच राहिले.