मायच्या नावाचं मुंडण

आसगावच्या सेवकरामला साप चावला तरी भीती वाटली नव्हती, असं तो गावभर सांगे. गोदावरीबाईला, त्याच्या बायकोला, खरं माहीत होतं. साप बिनविषारी होता आणि चावला होता बैलाला.

शहाऐंशी साली त्यांच्या पोराला, जागेश्वरला, झटके येऊ लागले. डावा हात लुळा पडत चालला. मुंबईच्या दवाखान्यात यंत्रानं डोक्याचे फोटो काढले, तर मेंदूत खोलवर गाठ. कशाची, ते फोटोवरून कळेना.

डॉक्टर म्हणाले, "डोक्याला धातूचं कडं बसवू. फोटोवरून गाठीची जागा मोजू, बारीक भोक पाडून सुई घालू आणि तांदळाएवढा तुकडा काढू. गाठ कशाची ते कळल्याशिवाय औषध ठरत नाही. उशीर केलात तर पोरगा हातचा जाईल."

सेवकरामनं मान डोलावली. कडं, भोक, सुई, सगळं कबूल. मग न्हावी वस्तरा घेऊन आला आणि हा खाटेपुढे आडवा उभा राहिला.

"बाप जिता असताना पोराचं डोकं नाही करत आमच्यात."

"केस ठेवून हे काम होत नाही, काका," न्हावी म्हणाला.

"मंग करू नोका."

गोदावरीबाईनं नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पोराच्या कवटीला भोक पाडा म्हणणारा हा माणूस त्याच्या केसांपायी घामाघूम झाला होता. आणि रीत कोण सांगत होतं? श्राद्धाच्या दिवशी बापाचं पान वाढायच्या आधी चुलीपाशी उभ्यानं वडे खाणारा.

"अजी, मराचं भेव लागून राहिलं का?"

"मले कायचं भेव? रीत आहे."

"माय मेल्यावरही पोरगा डोकं करते ना?"

"करते."

"मंग माह्या नावानं होऊ द्या." ती न्हाव्याकडे वळली. "भाऊ, चालवा वस्तरा. पोराची माय मेली."

"माय, असं नोको बोलू," जागेश्वर म्हणाला.

"तू मान हलवू नोको. कापंल."

नवरा 'तू काहून मरतं' एवढं तरी म्हणेल, म्हणून ती जराशी थांबली.

"हे ठीक आहे," सेवकराम म्हणाला, आणि बाजूला झाला.

तुकडा निघाला. गाठ क्षयाची होती, गोळ्यांनी विरणारी. डोकं उघडावं लागलं नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि धान कापणीला येईतो जागेश्वर डाव्या हातानं पेंढ्या धरू लागला.

खळ्यावर सेवकरामची टकळी सुरू झाली. "डाक्टर लोक गोंधळले होते. म्याच सांगतलं, सुई नेमकी गाठीतच घाला म्हणून."

त्या दिवशी तो घरी आला आणि पाटावर बसला. गोदावरीबाई पोराच्या ताटात भात वाढत होती.

"जागेश्वरची माय, मलेही वाढ."

"ती तर मुंबईले मेली," ती म्हणाली. "उठा, हातानं घ्या."