सातावर आठवी घडी

प्रेमिलाने केलेली दोनशे झाकणं भट्टीतून बाहेर आली, तेव्हा अख्खा कारखाना बघायला जमला होता. चंपतराव मॅनेजरांनी एक झाकण उचललं, बरणीच्या तोंडावर ठेवलं आणि ते टण्णकन आवाज करत थेट तळाला जाऊन पडलं. दुसरंही तसंच. तिसऱ्याला कुणीतरी हसलं.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतला हा लोणच्याच्या बरण्यांचा कारखाना. प्रेमिला नागपूरच्या कुंभारपुऱ्यातली. गेली तीन वर्षं रोज सकाळच्या एसटीने येऊन माती मळायची. कुंभाराच्या घरात बाईने माती मळावी, मडकी घासावी, उन्हात मांडावी. चाकाला हात लावू नये. लहानपणी बाप दुपारी आडवा झाला की ही चोरून चाक फिरवायची आणि पाठीत रपाटा खायची. तरी हौस फिटली नव्हती. म्हणून झाकणांचा मास्तर भांडून नोकरी सोडून गेला, तेव्हा सगळ्यांसमोर ती बोलून बसली होती, "झाकणं मी करतो, साहेब."

मास्तर जाताना आपली मापाची पट्टीही घेऊन गेला. तो मोठा शहाणा! मागे राहिल्या दोनशे भाजलेल्या, बिनझाकणाच्या बरण्या. प्रेमिलाने घरचं माप लावलं. वितीमागे एक बोट जास्त धरायचं, सुकून-भाजून तेवढं आटतं. पण ते घरच्या लाल मातीचं माप होतं. ही पांढरी माती, हिची भट्टी कितीतरी कडक. ही जास्त आटली.

"अजून एक भट्टी देतो," चंपतराव म्हणाले. "तीही फसली तर फाटकाबाहेर. अन् यापुढं कोन्या बाईले चाकावर बसवनार नाही."

गोपाळराव, नजरेच्या अंदाजाने बरण्या घडवणारा जुना कारागीर, तिच्याच पुऱ्यातला. बिडी पेटवत म्हणाला, "काहून हट्ट करून राहिली वं? मळत होती ते बरं होतं."

तिला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण रडणारी बाई त्यांना हवीच होती.

जास्त आटते, पण किती जास्त? करून बघायला वेळ नव्हता. झाकणं सुकून भट्टी लागायची, निवायची म्हणजे आठवडा, आणि माल उचलायला गाडी नवव्या दिवशी. अंदाजाने मोठं करावं तर झाकण तोंडात शिरायचंच नाही.

दुपारच्या सुट्टीत ती बरण्यांच्या थप्पीपाशी डबा न उघडता बसून राहिली. प्रत्येक बरणीवर कारखान्याचा संत्र्याचा शिक्का. ओल्या मातीवर पितळी ठसा दाबायचा, तो समोर खिळ्याला टांगलेला. तिने सहज ठसा काढला आणि बरणीवरच्या संत्र्यावर ठेवला. तो बसेना. स्वतःच उठवलेल्या खुणेपेक्षा ठसा मोठा होता.

प्रेमिलाने ठसा वळवून पुन्हा लावून पाहिला. माती तीच, भट्टी तीच. ओलं असताना संत्रं ठशाएवढं होतं, भाजून एवढं झालं. तिने खडूने फरशीवर रेघ मारली. ठसा एकापुढे एक सात वेळा ठेवला. मग केरसुणीची काडी बरणीवरच्या संत्र्याएवढी तोडली आणि त्याच रेघेवर मोजत गेली. सात ठशांच्या जागेत काडी बरोबर आठ वेळा बसली. पुन्हा मोजलं. आठच. म्हणजे भाजून सात हवं असेल तर ओलं आठ धरायचं.

हिशेब तिला शाळेने शिकवला नव्हता, पण दोरीने जमला. बरणीच्या तोंडाएवढी दोरी घेऊन तिच्या सात सारख्या घड्या घातल्या आणि तसलीच आठवी घडी वर जोडली. ओलं झाकण एवढं.

ती चाकावर बसली आणि झाकणं उतरू लागली, तसे चंपतराव धावत आले. "झाकनं हायेत का पराती?"

"आटतीन, साहेब."

"अन् नाही आटली तर?"

तिने पुढचा गोळा चाकावर ठेवला. नाही आटली तर काय, ते दोघांनाही माहीत होतं.

आठव्या दिवशी भट्टी उघडली. चंपतरावांनी दारातलंच एक झाकण उचललं आणि बरणीवर ठेवलं. ते तोंडात शिरेना, वरच अडून राहिलं. कुणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. चंपतरावांनी फाटकाकडे पाहिलं.

"दाराजवळच्या मालाले आच कमी लागते," ती म्हणाली. "मधातलं काढा."

गोपाळराव आत वाकला. मधलं झाकण काढून त्याने फुंकर मारली, बरणीवर टेकवलं. ते अलगद आत उतरलं, काठावर बसलं आणि हलेना. त्याने दुसरं लावलं, मग दहावं, विसावं. दारातली चार सोडली तर सगळी बसली.

चंपतरावांनी घाम पुसला. "शाबास. आता हे माप गोपाळरावले दे. झाकनाचं काम उद्यापासून तो पाहीन. तू परत मळाईवर जा."

गोपाळरावाने हात पुढे केला. तिने दोरी त्याच्या हातावर ठेवली, सातावर आठवी घडी कशी घालायची तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

तेवढ्यात फाटकातून मातीचा ट्रक आत आला. नवी माती, जुनीपेक्षा पिवळसर. प्रेमिलाने ट्रकमधून मूठभर घेतली, बोटांत चोळली आणि गोपाळरावासमोर धरली.

"ही माती येगळी हाय, भाऊ. हिले सात-आठ चालनार नाही. हिचं किती, मलेही मालूम नाही. पुन्हा मोजा लागन. तुमी मोजता का?"

गोपाळरावाने ती माती आपल्याही बोटांत चोळून पाहिली. मग त्याने दोरी तिच्या हातात परत दिली, झाकणांच्या चाकाशी गेला, आपल्या धोतराच्या सोग्याने तिथलं स्टूल पुसलं आणि चंपतरावांकडे न बघता म्हणाला, "बस वं."