छापून येईपर्यंत

आटपाट डोंगर होता. त्याच्या कुशीत राहत होती डॉक्टरीण सोइला, तिची आई तार्हेलिया, सवा वर्षाची लेक नेलिदा. आणि त्याच घरात जन्मलो मी. मी एक लेख बोलतोय, अकरा पानांचा, खोकल्याच्या लाल औषधावरचा.

सोइलानं दवाखान्यात दोनशे पोरं पाहिली. निम्म्यांना लाल औषध दिलं, निम्म्यांना नुसतं साखरपाणी. खोकला दोघांकडं तितकेच दिवस मुक्कामाला. औषधवाली पोरं मात्र सुस्त पडली. तेच तिनं माझ्यात लिहिलं.

घरात सोइला नेलिदासाठी आणलेली लाल औषधाची बाटली ओतून टाकायची. ती दवाखान्यात गेली की म्हातारी दुसरी आणायची.

"अगं आई, पोर गुंगीत पडते त्यानं!"

"सरकारी औषध आहे, बाई. तुझं म्हणणं कुठं छापलंय का?"

आरोग्य खात्याचे साहेबही तेच म्हणाले, "छापून आणा, लगेच बंद करतो."

मग मी बसनं राजधानीत, किटोला गेलो, डॉक्टरांच्या मासिकाकडं. तिथं तीन जाणकार पारखणार, नावं झाकून. बघायला आलेल्या पाहुण्यांपुढं मुलगी बसावी तसा बसलो. पाहुण्यांनीच तेवढे बुरखे घेतलेले.

पहिला म्हणाला, "औषधानं काही होत नाही, हा काय शोध? होतं असं दाखवा." दुसऱ्यानं लिहिलं, "थोर डॉक्टर बाल्सेका यांच्या सात लेखांचा उल्लेख नाही. लाज वाटली पाहिजे." बाल्सेकांवर एवढी माया बाल्सेकांखेरीज कुणाची असणार? सोइलानं सातही नावं निमूट माझ्या शेपटीला बांधली.

तिसऱ्यानं मात्र एकच विचारलं: "सुस्त पडलेली पोरं किती वयाची?"

हे सोइलानं मोजलंच नव्हतं. पुन्हा वह्या काढल्या. जवळजवळ सगळी दोन वर्षांखालची! तिनं मान वर केली. म्हातारीच्या पाठीवर, शालीत, नेलिदा भर दुपारी निपचित होती.

सात महिन्यांनी मी छापून आलो. साहेबांनी औषध बंद केलं. म्हातारीला अक्षर येत नाही. तिनं माझ्यावरून बोट फिरवलं, थुंकी लावून घासून पाहिलं.

"पुसत नाही. म्हणजे खरं आहे."

"आई, हेच मी सात महिने सांगत होते!"

"तू सांगत होतीस. हे छापलंय." आणि उरलेली बाटली तिनं स्वतःच्या हातानं अंगणात उपडी केली.

आता मी पिवळा पडून खिळ्याला लटकलोय. पारखणाऱ्यांनो, बुरख्याआडून खुशाल टोमणे मारा. पण त्या तिसऱ्यासारखा एखादा प्रश्नही विचारत जा.

पुढच्या खोकल्यात नेलिदा औषधावाचून चार दिवस खोकली आणि बरी झाली. आता दिवसभर चुलीपाशी पाळलेल्या गिनीपिगांच्या मागं धावते, आणि घरात कुणाला दुपारची झोप म्हणून मिळत नाही.