फुकटचा वकील

आमचे हे न्हावी. एक वेळ कात्री थांबेल, पण जीभ नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसायचा अवकाश, हवामानापासून मेव्हण्याच्या सोयरिकीपर्यंत सगळं सुरू! आणि अशा माणसाच्या पोटी आमची छकुली. अडीच वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. शेजारीण तिला लाडानं 'घुमी' म्हणायची, तेव्हा माझ्या काळजात चर्र व्हायचं.

कान तपासले, ते ठणठणीत. मग वाचातज्ज्ञ बाईंकडे गेलो. छकुलीनं टेबलावरच्या चेंडूंकडे बोट केलं मात्र, हे लगेच, "चेंडू हवाय माझ्या राणीला? लाल की निळा? हा घे, निळाच घे!"

बाई हसल्या. "हिनं बोलायचं कशाला? फुकटचा वकील मिळालाय की!"

मग त्यांनी सांगितलं, महागडी खेळणी-बिळणी नकोत. कपड्यांच्या घड्या घालताना, भांडी पुसताना वस्तूचं नाव घ्या आणि थांबा. तिची पाळी तिला द्या.

थांबा म्हणे! ह्यांना!

घरी हे ओठ घट्ट मिटायचे, गाल फुगायचे, आणि शेवटी "टॉवेल! टॉवेल म्हण ना गं!" बाहेर पडायचंच. "बाबा, गप!" मी छकुलीच्या वतीनं खेकसायचे. एकदा तर रडूच फुटलं मला. म्हटलं, "अहो, तुमचं ऐकून झालंय. एकदा तिचं ऐकायचंय मला." त्या दिवशी हे दुकानात इतके मुके होते, की गिऱ्हाइकांनी तब्येत विचारली.

सुट्टीच्या दिवशी पलंगावर धुतलेल्या मोज्यांचा ढीग पडला होता. "हा बाबांचा मोजा," मी म्हटलं. "हा आईचा." मग चिमुकला पिवळा मोजा उचलला. "आणि हा...?"

थांबले. छकुलीचे ओठ हलले. मी श्वास रोखला, आणि नेमकं ह्यांनी तोंड उघडलं. "हा तर आपल्या..."

"बाबा, गप!"

माझाच ठसका, पण बोलली होती छकुली! मग तिनं माझ्या हातातला मोजा ओढून घेतला आणि छातीशी धरला.

"माझा."

मी तिला उचलून मुके घेत सुटले. हे पलंगावर बसून घळाघळा रडत होते, पण चकार शब्द काढला नाही.

ती कसर दुसऱ्या दिवशी भरून निघाली. येईल त्या गिऱ्हाइकाला छाती फुगवून सांगत होते, "आमची पोरगी काल मला गप म्हणाली!"