बादलीतलं फडकं

बादलीच्या रित्या बुडावर दुधाची पहिली धार चर्रकन वाजली आणि प्राजक्ताचा हात तिथंच थबकला. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. तिनं खांद्यावरचं धुतलेलं फडकं बादलीत अंथरलं आणि पुन्हा कासेला हात घातला. आता धार मुकाट पडू लागली. शेवटी फडकं पिळून घेतलं की झालं. दुधाचा थेंबही वाया जात नव्हता आणि आवाजही होत नव्हता.

आपल्याच गोठ्यात आपल्याच म्हशीची धार चोरून काढायची पाळी तिनं स्वतःवर आणली होती. कारण सोमवारपासून, गल्लीच्या लेखी, ही म्हैस आटली होती.

चांदूर रेल्वेजवळचं हे गाव. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. तिच्या लहानग्या शिवमचे बाबा नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत कामाला जायचे आणि आठवड्यातून एकदा घरी यायचे. सासूबाई, म्हणजे गोदाबाई, लेकीच्या बाळंतपणाला बार्शीटाकळीला गेल्या होत्या. एसटीत चढता चढता त्यांनी सुनेला बजावलं होतं, "काही झालं तरी ताक बंद नको करू, पोरी. ताक इकाचं नाही, अन् दारात आलेल्याले नाही म्हनाचं नाही. दूध आपलं, ताक देवाचं. माह्या सासूनं मले सांगतलं, मी तुले सांगते."

त्या होत्या तोवर सकाळी रवीचा आवाज सुरू झाला की गल्लीतली माणसं लोटे घेऊन ओट्यावर येत. कोणाच्या घरी त्या ताकाची कढी होई, कोणाच्या घरी भाकरीबरोबर तेवढंच कालवण. गोदाबाई देवाला हात जोडताना कधी दिसायच्या नाहीत, पण ताक वाढताना डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

पण त्या गेल्या आणि शिवमला ताप आला. उतरला तेव्हा पोराच्या बरगड्या मोजून घ्याव्या अशा झालेल्या. चांदूरचे डॉक्टर म्हणाले, "दूध द्या त्याले, दोन्ही टाइम." म्हशीला हिरवा चारा नाही, सरकी नाही, ती तरी काय देणार? जेमतेम शेरभर. तेवढं विरजलं तर पोराला काय पाजायचं? आणि नाही विरजलं तर ताक कुठून आणायचं?

सोमवारी पहिला लोटा नत्थुजींचा आला. शेजारचे म्हातारे, तोंडात दात नाही, ताकात चुरलेली भाकर हेच त्यांचं जेवण.

"मामाजी," प्राजक्ता दारातूनच म्हणाली, "म्हैस आटली."

म्हातारा लोट्यात बघत हसला. "आटली? तिचं काय चुकलं, बाप्पा! हिरी आटल्या, तळं आटलं, ती बी आटनच ना!" आणि निघून गेला.

तासाभरानं तो परत आला तो डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन. "आटल्या म्हशीले लोक बाजाराचा रस्ता दाखवते. तू इकू नको. हे घे. माहा बैल त गेला, आता हे ठेवू कोनासाठी?"

"मामाजी, राहू द्या..."

"काहून? म्हशीले इचार, तिले पाह्यजे का नाही!"

म्हैस मान लांबवून कडबा ओढायलाच लागली होती.

आणि दुपारी खुर्शीदबी आल्या. गोठ्याच्या भिंतीपलीकडचं घर त्यांचं. गावोगाव बांगड्या भरायच्या, पण यंदा लग्नंच नाहीत तर बांगड्या कोण भरणार? एक बकरी होती, नुकतीच व्यालेली. त्यांनी पदराखालून झाकलेला पेला काढला.

"शिवमले पाज. बकरीचं दूध हलकं राह्यते, पचते."

"खाला, मंग तुमच्या लेकराले, अरीबले?"

"अरीब पोळी खाते गं आता, गडी झाला. तू धर मुकाट्यानं."

प्राजक्तानं पेला धरला. आत म्हशीचं दूध चुलीवर तापत होतं. साय धरल्याचा वास माजघरात भरला होता, आणि तो यांना आला तर काय, या धास्तीनं ती दारातच आडवी उभी राहिली. खुर्शीदबी आत डोकावल्यासुद्धा नाहीत.

पेला रोज येत राहिला. शिवमच्या गालावर थोडी तकाकी आली. पण प्राजक्ता जेवायला बसली की नत्थुजींच्या घरून ताटलीत पाणी ओतल्याचा आवाज यायचा. म्हातारा भाकर पाण्यात चुरत होता.

त्या पहाटे फडकं पिळता पिळता तिनं ठरवलं. सगळं दूध विरजलं. पोराला म्हणाली, "आज बकरीचंच पे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रवी लावली. घर्र घर्र आवाज गल्लीभर गेला. नत्थुजी लोटा घेऊन आले. तिनं मान खाली घालून तो काठोकाठ भरला, डोक्यावरचा पदर कधी सारखा केला तिलाच कळलं नाही.

"मामाजी, म्हैस..."

"भरला ना लोटा? मंग झालं." ताक हिंदकळू नये म्हणून म्हातारा जपून, पाय ओढत गेला.

खुर्शीदबी दुपारी आल्याच, पेला घेऊन. आता मात्र प्राजक्ताला राहवेना. "खाला, मी खोटं बोलली. म्हैस आटलीच नव्हती."

"मालूम हाय मले."

"कसं?"

"फजरच्या नमाजले उठते मी. भिंतीले कान लावा लागत नाही. सोमवारी धार पुरी आइकली. मंग येखाद दिशी पह्यली वाजे, अन् चुप. म्या म्हनलं, पोरगी हुशार हाय, कापड टाकलं." त्या हसल्या.

प्राजक्ताचा चेहरा लाल झाला. "मंग तुमी... दूध काहून आनत होत्या?"

"आता पाह्य. गोदाच्या घरची सून ताकासाठी खोटं बोलते, म्हंजे लेकराले खरंच कमी पडत असन. अन् आमच्यात सांगतलेलं हाय, शेजारी भुका असन त आपलं पोट भरू नोको. त्यात शेजारी खरं बोलते का खोटं, हे काही इचारलेलं नाही." त्यांनी पेला पुढं केला. "ताक चालू ठेव. मले बी एक लोटा दे. लय दिवस कढी नाही खाल्ली."

प्राजक्तानं त्यांचा लोटा भरला. त्या गेल्या. भिंतीपलीकडे बकरीचं पिल्लू बारीक आवाजात ओरडत होतं. कालही ओरडत होतं, पण प्राजक्ता धारेत, चुलीत, भीतीत होती, ऐकलं कोणी?

शिवमनं दोन्ही हातांनी पेला धरला होता. एक घोट घेतला, ओठांवर पांढरी मिशी आली. मग तो थांबला. पलीकडचं ओरडणं ऐकत राहिला.

"आई," तो म्हणाला, "हे मी पेलो, त मंग थ्ये पिल्लू काय पेते?"